तिसऱ्या हाकेपर्यंत

३ तारीख, सोमवार

आज सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी आमच्या रुग्णवाहिका कक्षातले आठही फोन मुके झाले. चाळीस सेकंद. मी खाली यंत्रांच्या खोलीत होते आणि तिथे काहीच झालं नव्हतं. पंखे घरघरत होते, फोनची बोलणी पुढे धाडणाऱ्या स्विचवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि मी चहा पीत होते. हे लिहायलाही लाज वाटते.

मोठी बाई जिना उतरून धावत आली. कक्षात फोन घेणाऱ्यांत तीच सगळ्यांत जुनी. ही खोली हातात येण्याआधी पंधरा वर्षं मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून फोन घेतले. "अगं, तुझ्या पेट्या मेल्यात का?" म्हणाली. मी म्हटलं, दिवे तर हिरवे आहेत. ती म्हणाली, "दिव्यांना काय पेटायला पैसे पडतात?"

तिच्या फोनवर एक बाई होती. नवरा जमिनीवर पडलाय म्हणत होती. मोठी बाई तिला छाती दाबायला सांगत होती, मोठ्याने मोजून. चौदाला आवाज गेला. पत्ता आधीच घेतला होता म्हणून गाडी निघाली होती. माणूस वाचला, असं दुपारी कळलं. फोन मेला तरी ती बाई एकटीच मोजत दाबत राहिली होती म्हणे.

डबा उघडलाच नाही.

४ तारीख, मंगळवार

कारण सापडलं. आमच्या इमारतीतून मुख्य यंत्रांच्या इमारतीकडे दोन वाटा जातात: जमिनीखालची फायबर आणि गच्चीवरची रेडिओची तबकडी. एक तुटली की दुसरीवरून जायचं, हे स्विचला माहीत आहे. पण तुटली हे कळायला हवं ना! रस्ता खोदणाऱ्यांनी फायबर तोडली ती मध्ये, टेलिफोन कंपनीच्या पेटीच्या पलीकडे. आमच्या स्विचला पेटीपर्यंतची वायर शाबूत दिसत होती, म्हणून दिवा हिरवा.

दोन्हीकडचे स्विच दर दहा सेकंदांनी एकमेकांना "आहे" असं कळवतात. चार वेळा काही आलं नाही तर पलीकडचा गेला असं धरतात. दहा चोक चाळीस. तोवर बोलणी तुटतात. एवढे दिवस हे असंच चालू होतं आणि मी ते वाचलंही होतं. वाचणं आणि कळणं यांच्यामध्ये एक जिना आहे, तो मी काल चढले.

साहेबांनी बोलावलं. शेजारच्या भागाचे फोनही पुढच्या महिन्यापासून आमच्याकडे येणार आहेत. "बाई, एकवीस तारखेला मी फायबर काढायला लावून स्वतः बघणार. चालू बोलणं तुटलं, तर यंत्रांची खोली कंपनीकडे द्यायची. तुम्ही परत वर, हेडफोनवर. तुमचा अनुभव तिथे जास्त कामाचा आहे." वाईट हेतूने बोलले नाहीत.

पण मी हेडफोनवर बसू शकत नाही. आमचे हे गेल्यावर महिन्याभराने एकदा बसले होते. पहिलाच फोन तसला आला, नवरा पडलाय म्हणणारा. पंधरा वर्षं जे तोंडपाठ होतं त्यातला एक शब्द फुटेना. मोठ्या बाईने माझ्या कानावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. साहेबांना हे माहीत नाही. सांगणारही नाही.

७ तारीख, शुक्रवार

तीन दिवस पुस्तक. ह्यांचंच, जाड, निळ्या पुठ्ठ्याचं. ही खोली ह्यांनी एकोणीस वर्षं सांभाळली. ते गेल्यावर मी त्यांची पुस्तकं शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, कारण घरात दुसरं वाचायचं उरलं नव्हतं. परीक्षा दिली, दुसऱ्या खेपेला पास झाले. लोक म्हणाले, काय जिद्द! जिद्द कसली, संध्याकाळ जात नव्हती.

मला हवं ते सापडलं. त्याला बीएफडी म्हणतात. रस्ते ठरवणाऱ्या राउटिंगच्या खाली एक हलका पहारा बसवायचा. दोन्ही स्विच एकमेकांना अगदी छोटे निरोप पाठवत राहतात, सेकंदाला पाच, दहा, वीस, आपण सांगू तेवढे. ठरलेल्या आकड्याइतके निरोप लागोपाठ चुकले की पहारा राउटिंगला सांगतो, पलीकडचा गेला, वाट बदल.

सगळ्यांत कमी किती ठेवता येतं ते पाहिलं. दर पन्नास मिलिसेकंदांना एक निरोप, आणि तीन चुकले की गेला. म्हणजे दीडशे मिलिसेकंद. डोळ्याची पापणीसुद्धा एवढ्यात मिटत नाही.

हेच ठेवायचं. थांबायचं कशाला?

लेकीला तीनदा फोन केला, तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा दवाखान्याच्या नंबरावर केला. दुसऱ्या गावी दातांच्या दवाखान्यात असते. "आई, माझ्या हातात मोजे असतात आणि समोर कुणाचातरी उघडा जबडा. काय झालं?" काही झालं नव्हतं. तू उचलत नव्हतीस म्हणून, म्हटलं.

१० तारीख, सोमवार

बीएफडी घातलं. आमच्या बाजूला घातलं, मग दहा मिनिटं चालत पलीकडच्या इमारतीत जाऊन तिकडे घातलं. बसल्या जागेवरूनही जमतं, पण हे म्हणायचे, ज्याच्या पोटात हात घालायचा त्याच्यासमोर उभं राहावं.

काहीच होईना. पहारा सुरूच झाला नाही. दोनदा ये-जा केली, तिसऱ्या वेळी चपलेचा अंगठा तुटला. अडीच वाजता कळलं की फायबर जिथे लागते त्या पोर्टला मी वेळ सांगितली, पण राउटिंगला "याचं ऐक" असं सांगितलंच नाही. म्हणजे राखणदार नेमला आणि घरमालकाला कळवलं नाही! दोन्हीकडे एकेक ओळ घातली आणि लगेच दोघांची गाठ पडली.

गच्चीवाल्याला सांगितलं. तबकडी बघतो तो. ह्यांचा दोस्त, मला वहिनी म्हणतो. "वहिनी, सेव्ह केलंत का? नाहीतर वीज गेली की पाटी कोरी."

केलं होतं. तरी त्याच्यासमोर पुन्हा एकदा केलं.

११ तारीख, मंगळवार

दुपारी फोन कमी असताना, मोठ्या बाईला वर फोनवर बोलत ठेवून फायबर काढून पाहिली. तिला कळलंच नाही. "काढ की!" म्हणत होती. काढून झाली होती.

आज मी जिन्यात एकटीच हसले.

१३ तारीख, गुरुवार

हसणं नडलं.

आज सकाळभर वर बोलण्यातले शब्द गिळले जात होते. एका म्हाताऱ्याला घराचा पत्ता तीनदा सांगावा लागला. मोठी बाई खाली आली ती कमरेवर हात ठेवूनच. "तुझ्या पेट्या आधी चाळीस सेकंद मरायच्या, आता दिवसभर उचक्या देतायत. कुठलं बरं?"

स्विचची नोंद काढली. फायबर पूर्ण शाबूत. तरी आमचा स्विच सकाळपासून अकरा वेळा म्हणाला, पलीकडचा गेला. वाट रेडिओवर वळवली. लगेच म्हणाला, अरे आहे की, आणि परत फायबरवर आणली. वळताना दर वेळी शब्द पडतात. अकरा वेळा एका जित्याजागत्याला मेला ठरवलं आणि अकरा वेळा उठवून बसवलं.

साहेबांच्या कानावर गेलं. कंपनीचा माणूस बघायला आला, टाय लावून. खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "हे स्विच फार जुने झालेत मॅडम. आणि हे सगळं तुम्ही पुस्तकात वाचून केलंत?" मी म्हटलं, "तुम्ही कशात वाचून करता?" गच्चीवाला दारात होता, तो खोकला.

पण टायवाला एक बरोबर बोलला. जुने आहेत. हे निरोप हाताळायला त्यांच्यात वेगळा भाग नाही. ज्या मेंदूने बाकी सगळं करायचं त्यानेच हेही करायचं. मेंदू कशात गुंतला की उत्तराला उशीर होतो.

कशात गुंततो?

१४ तारीख, शुक्रवार

अकरा वेळांच्या नोंदी कागदावर उतरवून काढल्या. तास वेगळे, मिनिटं वेगळी. सेकंद बघितले तेव्हा मात्र पेन थांबलं. चार, पाच, चार, चार, सहा, पाच. प्रत्येक वेळी मिनिट बदलल्यावर चार-सहा सेकंदांनी.

मिनिटाच्या ठोक्याला काय होतं ते मला माहीत होतं. कारण ते मीच लावलंय.

खोलीत एक संगणक आहे, तो सगळ्या यंत्रांची विचारपूस करतो. गरम आहेस का, किती काम आहे, कुठली वायर निघाली का. ह्यांनी तो दर पाच मिनिटांनी विचारेल असा लावला होता. ही खोली हातात आली त्याच आठवड्यात मी तो दर मिनिटाला केला, आणि प्रश्नही वाढवले, होते नव्हते तेवढे सगळे. म्हातारा स्विच ती लांबलचक यादी भरून देत बसतो आणि नेमका तेव्हाच "आहे" म्हणायला त्याला उशीर होतो. आहेस ना, आहेस ना विचारून मीच त्याला उत्तर देऊ देत नव्हते.

वेळेच्या आकड्याच्या वर ह्यांनी स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवलेली आहे. "पाच मिनिटं पुरेत. म्हातारा आहे, सारखं विचारू नये." आकडा मी बदलला होता, ओळ तशीच ठेवली होती. वाचली नव्हती असं नाही.

आकडा परत पाच केला. प्रश्नही कमी केले.

१५ तारीख, शनिवार

लेकीशी भांडण. सकाळपासून मी पाच फोन केले असं तिचं म्हणणं, मी चार मोजले. "तू सारखा करतेस म्हणून मी फोन उपडा घालून ठेवते. खरंच काही झालं तर मला कळायचंसुद्धा नाही, आई."

मी म्हटलं, उचललास तर करणार नाही. ती म्हणाली, केला नाहीस तर उचलेन. दोघींनी ठेवला.

दिवसभर कपाटं आवरली.

१७ तारीख, सोमवार

विचारपूस कमी केल्यावर उचक्याही कमी झाल्या. पण थांबल्या नाहीत. शनिवारी दोन, आज तीन. या सगळ्यात फायबर खरी एकदाही तुटली नाही.

गच्चीवाला स्टूल ओढून बसला. "वहिनी, वेळ वाढवा. पन्नासाचे तीनशे करा. तीन चुकल्यावर गेला म्हणा. पुरा एक सेकंदही होत नाही."

"दीडशेवरून नऊशे? सहापट?"

"मग काय झालं? बोलणाऱ्याचा एक शब्द जाईल. बोलणं राहील."

"तो एक शब्दच महत्त्वाचा असला तर?"

"तर तो पुन्हा म्हणेल. जिवंत आहे ना तो."

मी ऐकलं नाही. शंभर करून पाहिलं. संध्याकाळपर्यंत पुन्हा एक. चार दिवस उरलेत आणि मी पन्नास-शंभरात अडकलेय. तो जाताना म्हणाला, "तुम्हाला नक्की कशाची घाई आहे?" असा काय विचारतो! एकवीस तारखेची, दुसरी कशाची?

१८ तारीख, मंगळवार

जे लिहिलं नाही ते लिहून टाकते, म्हणजे डोकं मोकळं होऊन कामाला लागेल.

त्या दिवशी सुट्टी होती. पाच वाजून दहा मिनिटांनी मी स्वयंपाकघरातून चहासाठी हाक मारली. हे पुढच्या खोलीत वाचत होते. पहिल्या हाकेला ओ देण्याची त्यांना सवयच नव्हती. दुसरीला पान उलटायचे. तिसरीला "हं" म्हणायचे. सत्तावीस वर्षं तसंच. मी दुसरी हाक मारली. उत्तर नाही. आणि त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं, सकाळी गिझरवरून वाद झाला होता. म्हटलं, रोज काय तीन-तीन हाका मारायच्या? निवू दे चहा. तिसरी मारलीच नाही. सहा वाजता निवलेला कप घेऊन पुढच्या खोलीत गेले, तेव्हा हे गेलेले होते.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही समोर असता तरी काही करता आलं नसतं, क्षणात झालं असणार. ते मला शिकवत होते. मी पंधरा वर्षं फोनवर लोकांना छाती दाबायला सांगितलंय.

हं. लिहिलं.

आता तीनशे करायचं की नाही ते उद्या ठरवू.

१९ तारीख, बुधवार

तीनशे केलं. दोन्हीकडे. चुका तीनच ठेवल्या, त्या मी आधीही कमी केल्या नव्हत्या. पुस्तकात दोनही चालतात असं आहे, पण तिसऱ्याची वाट बघायलाच हवी, ते माझं पहिल्यापासून पक्कं होतं.

राउटिंगची ओळ दोन्हीकडे तपासली. सेव्ह केलं. पलीकडच्या इमारतीत जाताना नव्या चपला घातल्या, त्या चावल्या.

दिवसभर नोंद कोरी.

२० तारीख, गुरुवार

नोंद कोरी. मी दर पाच मिनिटांनीच बघितली. खरं सांगायचं तर सहा वेळा मध्येही बघितली, पण नुसतं डोळ्यांनी. यंत्राला काही विचारलं नाही.

मोठी बाई म्हणाली, "वर आज सगळे स्पष्ट बोलतायत. एकजण तर मला स्पष्ट शिवी देऊन गेला."

साहेबांना हेडफोनचं सांगितलं. उद्याचा निकाल काहीही लागो, मला ते जमणार नाही, आणि का ते. बसल्या खुर्चीतून ते उठून उभे राहिले, मग काय करायचं ते न कळून परत बसले. "चाचणी तरीही होणार, बाई," म्हणाले. मी म्हटलं, व्हायलाच हवी.

२१ तारीख, शुक्रवार

साहेब पलीकडच्या इमारतीत फोन घेऊन बसले. इकडे मोठी बाई. ठरलं असं की साहेबांनी सेकंदाला एक आकडा म्हणत जायचा आणि तिने ऐकू येईल तो कागदावर लिहायचा. टायवाला वर तिच्या मागे उभा. मी खाली, गच्चीवाला कंपनीच्या पेटीपाशी. कधी काढायची ते त्यानेच ठरवायचं, मलाही सांगायचं नाही, असं मीच म्हटलं होतं.

मी स्विचसमोर उभी राहिले. हिरवा दिवा. त्याच्यावर माझा आता काडीचा विश्वास नाही. पडद्यावर नोंदीची ओळ उमटली: पलीकडचा गेला. खालोखाल दुसरी: वाट बदलली. पापणी मिटली होती का, आठवत नाही. मग त्या दोन ओळीच मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. जिन्यातून मोठी बाईच ओरडली, "अगं ए, वर ये की! का तुला पण तीन हाका लागतात?"

तिने कागद पुढे धरला. पस्तीस, छत्तीस, सदतीस. अडतीस नाही. एकोणचाळीस, चाळीस, आणि पुढे साठपर्यंत सगळे. फोन चालूच होता. साहेब अजून मोजत होते, त्यांना थांबायला कुणी सांगितलंच नव्हतं. एकशे चारपर्यंत गेले होते.

"एक गेला," टायवाला म्हणाला.

"आधी चाळीस जायचे," मोठी बाई म्हणाली. "आणि साहेबांचा अडतीस काय एवढा लाखमोलाचा होता?"

टायवाला जाण्याआधी खाली आला. नोंद वाचली, विचारपुशीचा आकडा पाहिला, त्याच्यावरची ओळ पाहिली. "हे कोणी लिहिलंय?" मी सांगितलं. त्याने ती ओळ आपल्या वहीत उतरवून घेतली. त्याला मी उगाच बोलले होते त्या दिवशी.

गच्चीवाल्याने फायबर परत लावली. मी पुन्हा सेव्ह केलं. खोली माझ्याकडेच राहिली.

घरी आले. लेकीला साडेसहाला फोन केला, तिची सुटायची वेळ. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला नाही. लावायचा नाही असं ठरवलं होतं असंही नाही. हातात मोजे असतील, म्हटलं. भांडी घासली, ओटा पुसला, चावलेल्या चपला दाराबाहेर ठेवल्या. सात झाले. सव्वासात झाले. फोन ओट्यावर सुलटा ठेवला होता. मध्ये एकदा उचलून बघितला, चालू आहे का एवढंच.

सात वीसला तिचा आला.

"आई! काय झालं?"

"कुठे काय?"

"एकदाच फोन केलास आणि मग काहीच नाही! मी वाट बघतेय कधीची. दुसरा नाही, तिसरा नाही. चप्पल घालून दारात उभी आहे मी, शेवटची बस मिळते का बघत होते. बरी आहेस ना?"

मी म्हटलं, बरी आहे, भांडी घासत होते. मग तिला चाचणीचं सांगितलं, अडतीसचंही. ती हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला. तिकडेही कुणी मोजत असेल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

"चपला काढ आता," मी म्हटलं.

"काढते. ठेवू?"

"ठेव."

बराच वेळ दोघींनीही ठेवला नाही.